लसीच्या शेजारची चिप: एका इंजिनिअरचा कामाचा दिवस

सकाळी ७.३०

रात्रभराचे आलेख मी घरूनच बघून निघते. भोसरीच्या एमआयडीसीतली आमची छोटी कंपनी लसींच्या फ्रिजसाठी तापमान नोंदवणारे लॉगर बनवते. प्राथमिक आरोग्य केंद्रात वरून उघडणारा, आतून बर्फाचं अस्तर असलेला जो फ्रिज असतो, ज्याला तिथे सगळे नुसतं ‘आयएलआर’ म्हणतात, त्यात आमची स्टीलची बारीक नळी सोडलेली असते. ती नळी म्हणजे प्रोब. तिच्या टोकाशी राळेत बसवलेली, जेमतेम अर्धा सेंटिमीटर रुंदीची, तीन पायांची एक काळी चिप असते. दर दहा मिनिटांनी ती एक आकडा पाठवते. लस २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये राहिली पाहिजे. आकडा त्या पट्ट्यात आहे का, हे पाहणं वरवर बघता आमचं एवढंच काम.

धडधाकट फ्रिजचा आलेख बघताक्षणी ओळखू येतो. कॉम्प्रेसर सुरू झाला की रेघ उतरते, थांबला की सावकाश चढते. सकाळी झाकण उघडून लसी बाहेर काढल्या की एक उंचवटा येतो आणि अर्ध्या तासात विरतो. रात्री लाइट गेली असेल तर बर्फाच्या अस्तराच्या जिवावर रेघ सपाट धावत राहते.

आज एका यंत्राच्या रेघेत पहाटे ४.२, मग ८५.०, मग पुन्हा ४.२ अशा नोंदी आहेत. लॉगरने मधल्या नोंदीवर संशयाची खूण केली आहे, पण खुणेमागचं कारण माणसालाच शोधावं लागतं. आमच्या प्रोबमधली डीएस१८बी२० ही चिप वीज मिळताच, पहिलं मोजमाप पूर्ण होईपर्यंत, आपल्या स्मृतीत ८५ अंश हाच आकडा धरून बसते. बनवणाऱ्यांनीच तसं ठरवलेलं आहे आणि डेटाशीटमध्ये ते छापलेलंही आहे. म्हणजे मोजमाप चालू असताना वीज क्षणभर तुटली, चिप नव्याने जागी झाली आणि लॉगरने न मोजलेला आकडा वाचला. फ्रिज ठीक आहे, लस ठीक आहे, कनेक्टर सैल आहे. त्या केंद्राचं नाव मी दुरुस्तीच्या यादीत लिहिते.

सकाळी ९.००

असेंब्लीच्या टेबलावर चार ताई बसतात. चिपच्या तीन पायांना तीन तारा जोडायच्या: वीज, जमीन आणि निरोपाची तार. सोल्डरिंगची उष्णता चिपमध्ये फार वेळ शिरू द्यायची नाही. जोडावर नळी आकसवायची, सगळं स्टीलच्या टोपीत घालून राळ ओतायची. मावळ-मुळशीच्या पावसात ओलावा वाट शोधतोच, म्हणून तयार प्रोब पाण्यात बुडवून ठेवतात आणि मग तारांमधला रोध मोजतात. एका ताईंचा हात इतका सरावलेला आहे की राळ नीट पोचली नाही हे त्यांना टोपीच्या वजनावरून कळतं.

थर्मिस्टर स्वस्त मिळतो, मग डिजिटल चिप कशाला, असं बाहेरचे लोक विचारतात. थर्मिस्टरचा रोध तापमानानुसार बदलतो आणि तो रोध तारेच्या दुसऱ्या टोकाला मोजावा लागतो. वाटेतल्या तारेचा, गंजलेल्या कनेक्टरचा, जवळून गेलेल्या मोटरच्या केबलचा परिणाम त्या मोजमापात मिसळतो. डिजिटल चिप मोजण्याचं काम जागेवरच उरकते आणि तारेतून फक्त शून्य आणि एक पाठवते. तार थोडी लांब झाली म्हणून ४.२ चे ४.६ होत नाहीत. निरोप एक तर पोचतो, नाही तर बिघडल्याचं कळतं.

निरोपाची पद्धतही साधी आहे. ती एक तार ४.७ किलोओहमच्या रोधकाने वर ओढून धरलेली असते. लॉगर तिला किमान ४८० मायक्रोसेकंद खाली दाबून सोडतो. तारेवर चिप असेल तर ती थोडं थांबून स्वतः तार ६० ते २४० मायक्रोसेकंद खाली दाबते, म्हणजे ‘मी आहे’ असं सांगते. मग लॉगर तिचा क्रमांक विचारतो. कारखान्यातून निघतानाच प्रत्येक चिपमध्ये ६४ बिटांचा एक क्रमांक कोरलेला असतो आणि तो क्रमांक दुसऱ्या कुठल्याही चिपला नसतो. त्यामुळे एकाच तारेवर अनेक चिपा राहू शकतात. आम्हाला त्या क्रमांकाचा आणखी मोठा उपयोग आहे, तो पुढच्या टेबलावर.

चिपा आम्ही अधिकृत वितरकाकडूनच घेतो. शिकत असताना आम्ही सगळ्यांनीच बुधवार पेठेतल्या तापकीर गल्लीत पायपीट केली आणि प्रयोगांसाठी ती जागा अजूनही सोन्यासारखी आहे. पण या चिपेच्या हुबेहूब दिसणाऱ्या नकला बाजारात भरपूर आहेत. त्यांतली एखादी खोलीत बरोबर चालते आणि शून्याजवळ भरकटते. लसीच्या फ्रिजला तो धोका परवडत नाही.

सकाळी १०.१५

कॅलिब्रेशनच्या खोलीत मला सगळ्यात जास्त वेळ घालवायला आवडतं. तिथले काका या कामात मुरलेले आहेत. आज त्यांनी सकाळीच बर्फ चुरून ठेवलाय. हा बर्फ डिस्टिल्ड पाण्याचा, कारण नळाच्या पाण्यातले क्षार गोठणबिंदू खाली खेचतात. थर्मास फ्लास्कमध्ये बर्फाचा चुरा आणि त्याच थंड पाण्याचा लगदा ठासून भरायचा. वर बर्फ तरंगतोय आणि तळाशी नुसतं पाणी आहे, असं झालं तर घोटाळा होतो. पाणी ४ अंशांच्या आसपास सगळ्यात जड असतं, ते खाली जाऊन बसतं, आणि तळाला टेकलेला प्रोब प्रामाणिकपणे दोन-तीन अंश दाखवतो. त्यामुळे काका मधूनमधून पाणी काढतात, बर्फ दाबतात, ढवळतात.

लगद्यात आमच्या प्रोबांच्या जुडीत मधोमध एक प्लॅटिनमचा संदर्भ थर्मामीटर उभा असतो. त्याचं प्रमाणपत्र एनएबीएलची मान्यता असलेल्या प्रयोगशाळेचं, आणि त्या प्रयोगशाळेच्या मोजमापांची साखळी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेपर्यंत पोचते. बर्फानंतर प्रोब ढवळत्या द्रवाच्या बाथमध्ये जातात: ५ अंश, ८ अंश, मग ४०.

एवढा खटाटोप कशासाठी? डीएस१८बी२०ची डेटाशीट उणे १० ते ८५ अंशांमध्ये अर्ध्या अंशाच्या अचूकतेची हमी देते. म्हणजे चिपेने ८.० दाखवलं तर खरं तापमान ७.५ ते ८.५ मध्ये कुठेही असू शकतं. खोलीचं तापमान सांगायला हे पुष्कळ झालं. पण आमच्या पट्ट्याच्या खालच्या कडेला गोठण्याचा धोका आहे आणि तिथे अर्धा अंश फार मोठा असतो. म्हणून प्रत्येक प्रोबची चूक आम्ही संदर्भाशी ताडून काढतो: हा ०.१९ने जास्त दाखवतो, तो ०.०६ने कमी. ती दुरुस्ती चिपेच्या ६४ बिटांच्या क्रमांकाशी बांधून लॉगरमध्ये साठवतो. उद्या कुणी प्रोब बदलला तर लॉगर नवा क्रमांक ओळखतो आणि जुनी दुरुस्ती नव्या चिपेला चिकटवत नाही.

काकांचा एक नियम आहे: घाई करायची नाही. प्रोब द्रवात बुडवला की पहिले काही क्षण तो द्रवाचं नव्हे, मागच्या जागेचं तापमान अंगावर वागवत असतो. स्टील, राळ, तारा सगळं द्रवाच्या बरोबरीला आल्यावरच चिप तिथवर पोचते. ढवळत्या द्रवात हे लवकर होतं, स्थिर हवेत कितीतरी सावकाश. दिवसभरात मी जे जे करते त्याच्या मुळाशी हीच गोष्ट आहे: चिप फक्त स्वतःचं तापमान सांगू शकते. ते लसीचं तापमान असावं, याची तजवीज माणसांनी करायची असते.

दुपारी १२.००

डिप्लोमा करून नुकताच रुजू झालेला एक मुलगा माझ्या हाताखाली आहे. त्याने सकाळपासून मनात घोळवलेला प्रश्न आता विचारला. ‘मॅडम, चिपेच्या आत थर्मामीटर असतो म्हणजे नक्की काय असतं?’

फळ्याजवळ जाऊन उत्तर द्यावं असाच हा प्रश्न. आत वेगळा थर्मामीटर नसतोच. सिलिकॉनचा ट्रान्झिस्टरच तापमान सांगतो. त्यातून ठराविक प्रवाह सोडला की बेस आणि एमिटर यांच्यामध्ये खोलीच्या तापमानाला साधारण ०.६ व्होल्ट दिसतात. तापमान एका अंशाने वाढलं की हा विद्युतदाब सुमारे २ मिलिव्होल्टने उतरतो. हा गुण उपयोगाचा आहे, पण त्याच्यावर एकट्यावर विसंबता येत नाही. ०.६ च्या जागी नेमका आकडा किती, हे प्रत्येक ट्रान्झिस्टरच्या आकारावर आणि तो बनताना मिसळलेल्या अशुद्धतेवर ठरतं. दोन चिपा कधीच तंतोतंत सारख्या निघत नाहीत.

इथे एक सुरेख युक्ती कामी येते. एकाच घडणीचे दोन ट्रान्झिस्टर शेजारी-शेजारी ठेवायचे. एकातून जेवढा प्रवाह सोडला त्याच्या आठपट दुसऱ्यातून सोडायचा आणि दोघांच्या दाबांतला फरक घ्यायचा. आकार, अशुद्धता, घडणीतले बारीक भेद, जे जे दोघांत समान होतं ते वजाबाकीत निघून जातं. उरतं ते एवढंच: बोल्ट्झमनचा स्थिरांक गुणिले निरपेक्ष तापमान, भागिले इलेक्ट्रॉनचा विद्युतभार, गुणिले आठचा नैसर्गिक लॉगॅरिदम. २७ अंश सेल्सिअसला, म्हणजे जवळपास ३०० केल्व्हिनला, हा फरक ५३.८ मिलिव्होल्टच्या आसपास येतो. दर अंशाला तो ०.१८ मिलिव्होल्टने वाढतो. त्याची रेघ मागे ओढत नेली तर ती उणे २७३.१५ अंशांवर शून्याला टेकते.

मुलाने वहीत समीकरण उतरवलं आणि विचारलं, ‘म्हणजे कंपनी कुठलीही असो, हा फरक तेवढाच?’ हो, प्रवाहांचं गुणोत्तर तेवढंच असेल तर फरकही तेवढाच. २० मे २०१९ पासून केल्व्हिनची व्याख्याच बोल्ट्झमनच्या स्थिरांकाचा आकडा कायमचा ठरवून केली गेली. इलेक्ट्रॉनच्या भाराचा आकडाही त्याच दिवशी पक्का झाला. त्याआधी केल्व्हिन पाण्याच्या त्रिबिंदूवर, म्हणजे ०.०१ अंश सेल्सिअसवर टांगलेला होता. जगातल्या मापनशास्त्राने ज्या स्थिरांकांवर तापमानाची इमारत उभी केली, तेच दोन स्थिरांक या चिपेच्या पोटात काम करतात. हे सांगताना मला दर वेळी मनापासून आनंद होतो.

पण ५३.८ मिलिव्होल्ट मोजायला पट्टी लागते, आणि ती पट्टी तापमानाने हलता कामा नये. तीही याच सामानातून मिळते. एक दाब तापमानासोबत उतरतो, दुसरा चढतो. चढणारा लहान आहे; त्याला साधारण ११ पट करून उतरणाऱ्यात मिळवला की चढ आणि उतार एकमेकांना खोडतात आणि जवळपास १.२ व्होल्टचा स्थिर दाब हाती येतो. हा आकडा सिलिकॉनच्या स्वतःच्या ऊर्जा-अंतराशी जोडलेला आहे. या तत्त्वावरचा संदर्भ-दाब रॉबर्ट विडलर यांनी १९७१ मध्ये मांडला आणि १९७४ मध्ये पॉल ब्रोकॉ यांनी त्याची आज घराघरातल्या चिपांत सापडणारी मांडणी दिली. तापमानासोबत चढणारा दाब आणि ही स्थिर पट्टी यांचं गुणोत्तर काढलं की झालं.

आता गुणोत्तराचा आकडा करायचा. बऱ्याच सेन्सरांत हे काम सिग्मा-डेल्टा नावाचा परिवर्तक करतो. मी मुलाला दुधाच्या रतिबाचा हिशेब सांगितला. घरात रोज पाऊण लिटर दूध लागतं, पण दूधवाल्याकडे एक लिटरचीच पिशवी आहे. उरलेलं दूध दुसऱ्या दिवशी वापरायचं आणि पुरेसं शिल्लक असेल त्या दिवशी पिशवी घ्यायची नाही. कॅलेंडरवर फक्त ‘घेतली’ किंवा ‘नाही घेतली’ एवढीच खूण. ४० दिवसांनी खुणा मोजल्या तर ३० निघतात, आणि एकदाही माप न वापरता रोजची सरासरी पाऊण लिटर असल्याचं कळतं. परिवर्तकही असंच शिल्लक पुढे ओढत हजारो वेळा हो-नाही म्हणतो. शेवटी ‘हो’ किती आले हे मोजलं की गुणोत्तर मिळतं. जास्त दिवसांच्या खुणा मोजल्या तर उत्तर जास्त बारीक.

बारकाव्याची किंमत वेळेत मोजावी लागते, हे डेटाशीटमध्ये स्पष्ट दिसतं. डीएस१८बी२०ला ९ बिटांचं, म्हणजे अर्ध्या अंशाच्या पायरीचं उत्तर मागितलं तर ती जास्तीत जास्त ९३.७५ मिलिसेकंद घेते. १२ बिटांचं, अंशाच्या सोळाव्या भागाचं, म्हणजे ०.०६२५ अंशाच्या पायरीचं मागितलं तर ७५० मिलिसेकंदांपर्यंत. आतली मांडणी चिपागणिक वेगळी असते. ट्रान्झिस्टरांतला फरक आणि त्याचं मोजून केलेलं आकड्यात रूपांतर हा गाभा मात्र बहुतेक डिजिटल सेन्सरांत सापडतो.

‘पायरी सोळाव्या भागाची आणि अचूकता अर्ध्या अंशाची, असं कसं?’ मुलाने बरोबर जागी बोट ठेवलं. चिप बदल फार बारीक ओळखते, पण शून्य कुठे ठेवायचा यात चिपागणिक फरक पडतो. काकांचा बर्फ आहे तो यासाठीच. आता टीएमपी११७ सारख्या चिपा मिळतात, ज्या उणे २० ते ५० अंशांत एक दशांश अंशाची हमी देतात. किंमत जास्त, सर्किट जास्त नाजूक. पण बर्फाच्या फ्लास्कमध्ये त्याही जाव्यात, असं माझं मत आहे.

दुपारी १.१५

डबे उघडले. जेवताना बोलणं कुठे जातं, तर नव्या लॉगरच्या पीसीबीकडे. बोर्डवरच एक एलएम७५ जातीचा सेन्सर आहे, खोलीचं तापमान नोंदवायला. तो मोबाइल मॉडेमच्या जवळ बसलाय आणि मॉडेमने माहिती पाठवली की दोन अंश चढतो. उष्णता हवेपेक्षा तांब्यातून पटकन जाते, आणि सेन्सरचे पाय त्याच तांब्याला सोल्डर केलेले असतात. सेन्सर बोर्डच्या कोपऱ्यात न्यायचा, भोवतीचं तांबं काढून खाच पाडायची आणि मॉडेम थंड असतानाच मोजायचं, असं ठरलं.

चिप स्वतःही थोडी तापते. मोजताना डीएस१८बी२० साधारण १ मिलिअँपिअर घेते, म्हणजे ३.३ व्होल्टवर तीन-साडेतीन मिलिवॅट. सतत मोजत ठेवली तर राळेत कोंडलेली ही ऊब आकड्यात डोकावते. दहा मिनिटांत पाऊण सेकंद मोजून उरलेला वेळ झोपवली तर तिची स्वतःची ऊब उरत नाही आणि बॅटरीही टिकते.

दुपारी ३.३०

जुन्या मुंबई रस्त्याने कामशेत गाठून मावळात आत वळले. रस्त्याला पाऊस, भातखाचरांत लावणी चालू. इथल्या एका आरोग्य केंद्रातून काल फोन आला होता. सिस्टर वाट बघत होत्या.

‘मॅडम, तुमच्या डब्यावर दीड दाखवतंय आणि आमच्या थर्मामीटरवर पाच. कुणाचं खरं धरायचं? उद्या सेशन आहे.’

केंद्रातले फार्मासिस्ट सकाळ-संध्याकाळ, सुट्टीच्या दिवशीसुद्धा, हाताने तापमान बघून रजिस्टरमध्ये लिहितात. २०१५ मध्ये सुरू झालेल्या ‘ईविन’ या राष्ट्रीय यंत्रणेमुळे लसींचा साठा आणि फ्रिजचं तापमान आता मोबाइलवर दिसू शकतं, तरी हे रजिस्टर चालू आहे आणि ते चालू राहायला हवं. आज दोन आकडे एकमेकांशी भांडले म्हणून तर प्रश्न वर आला.

आयएलआरचं झाकण उघडून बघितलं. मागच्या आठवड्यात नवा साठा आला तेव्हा टोपल्या हलवल्या गेल्या, प्रोब घसरला आणि बर्फाच्या अस्तराच्या भिंतीला टेकला. भिंतीचं तापमान दीड अंश होतं आणि चिप ते अचूक सांगत होती. लस मात्र टोपलीत होती, भिंतीपासून लांब, पाच अंशांत.

‘दोन्ही खरंच आहे सिस्टर,’ मी म्हटलं. ‘फक्त आपल्याला भिंतीचं नको, लसीचं हवंय.’

प्रोब ग्लायकोलच्या छोट्या बाटलीत घातला आणि बाटली टोपलीच्या मधोमध, कुपींच्या ओळीत, पट्टीने बांधून टाकली. झाकण उघडलं की हवा क्षणात बदलते. कुपीतलं औषध तसं बदलत नाही. ग्लायकोलही द्रव आहे, त्याच्या संगतीने चिप कुपीच्या चालीने चालते. हवेतल्या प्रोबने दिवसभर खोटी घाई केली असती.

मग सिस्टरांनी फार महत्त्वाचं विचारलं: ‘गरम झालं तर कुपीवरच्या खुणेवरून आम्हाला कळतं. मग हे यंत्र कशाला?’ कुपीवरची व्हीव्हीएमची खूण, वर्तुळातला तो चौकोन, उष्णता साठत गेली की गडद होतो. पोलिओच्या लसीसारख्या उष्णतेला हळव्या लसीसाठी ती अनमोल आहे. पण लस गोठली तर ती खूण काहीच सांगत नाही. पेंटाव्हॅलंट, हिपॅटायटिस बी, टीडी या लसींत अॅल्युमिनियमच्या क्षाराचे कण असतात. गोठल्यावर त्यांच्या गुठळ्या होतात आणि पुन्हा वितळवल्यावर ते पूर्ववत होत नाहीत. लस दिसते तशीच, ताकद गेलेली. गोठल्याचा संशय आला तर कुपी हलवून, तळाशी गाळ कसा बसतो हे बघण्याची चाचणी सिस्टरांना येते. पण संशय यायला कुणीतरी रात्री दोन वाजता जागं असायला हवं. चिप जागी असते.

म्हणून इशाऱ्याचे दोन नियम वेगवेगळे आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांनुसार महिनाभर नोंद ठेवणारा लॉगर ८ अंशांच्या वर सलग १० तास गेले तर ओरडतो, उणे ०.५ किंवा त्याखाली मात्र ६० मिनिटांतच. उष्णतेने होणारी झीज साठत जाते, गोठल्याने होणारं नुकसान एकदाच आणि कायमचं होतं. त्याच संघटनेच्या निकषानुसार आयएलआरने वीज नसताना, तो ज्या कमाल बाहेरच्या तापमानासाठी बनवलाय त्या तापमानातही, किमान २० तास थंडावा धरायला हवा. म्हणजे रात्रीची लाइट जाणं हे सहसा संकट नसतं. थर्मोस्टॅट कुणी कमी तापमानावर फिरवणं हे संकट असतं.

अर्धा तास थांबलो. लॉगरवर ४.९ आलं, सिस्टरांच्या थर्मामीटरवर पाच. फार्मासिस्टांनी दोन्ही आकडे रजिस्टरमध्ये शेजारी-शेजारी लिहिले आणि प्रोबची जागा बदलल्याचा शेराही मारला. तो शेरा मला आकड्यांइतकाच मोलाचा वाटला.

संध्याकाळी ६.३०

परत भोसरीत. मुलाने लॉगरसाठी वाचनाचा नवा प्रोग्राम लिहिलाय, तो तपासायचा आहे. माझी तपासण्याची पद्धत ठरलेली: आधी तोडून बघायचं. प्रोबची तार उपटली. पडद्यावर आलं: −०.०६.

हा आकडा ८५ पेक्षा जास्त घातक, कारण तो खरा वाटतो. लसीच्या फ्रिजमध्ये शून्याच्या जरा खाली जाणं शक्य असतं. मुलगा गोंधळला. मग दोघांनी मिळून उलगडलं. तार रोधकाने वर ओढलेली आहे. चिप नसेल तर तिला खाली दाबणारं कुणी नाही, म्हणून वाचलेला प्रत्येक बिट १ येतो. ऋण संख्या लिहिण्याच्या संगणकी पद्धतीत सोळाच्या सोळा बिट १ म्हणजे उणे एक. आपली एक पायरी अंशाचा सोळावा भाग, म्हणून उणे ०.०६२५. कुणीही न मोजलेला आकडा, चार दशांश स्थळांसकट.

उपाय चिपेने आधीच देऊन ठेवलाय. ‘मी आहे’ ही खूण आली नाही तर पुढे जायचंच नाही. आणि चिप नऊ बाइट पाठवते, त्यातला नववा आधीच्या आठांवरून काढलेला तपासणीचा असतो. लॉगरने तेच गणित करायचं; उत्तर जुळलं नाही तर नोंद फेकायची.

मुलाने तासाभरात तपासणी घातली. मी आता निरोपाची तार जमिनीला टेकवली. पडद्यावर ०.००, आणि तपासणी उत्तीर्ण! या गणितात सगळे शून्य दिले तर उत्तरही शून्यच येतं, त्यामुळे मेलेली तार परीक्षा पास होते. इथे आणखी एक दार लागतं. चिपेच्या नऊ बाइटांत काही बिट कायम १च असतात. सगळे शून्य आले म्हणजे बोलणारी चिप नाहीच. शिवाय बोलायला सुरुवात करण्याआधी तार वर आहे का, हे बघायचं.

‘आणि मॅडम, रीडिंग मिळालं नाही तर मागचंच रीडिंग दाखवू का? आलेख सलग दिसेल.’

नाही. हा प्रश्न प्रत्येक नवा इंजिनिअर विचारतो आणि त्याला मी प्रत्येक वेळी इतकंच ठाम उत्तर देते. तीन वेळा पुन्हा विचार, तरी नाही मिळालं तर ‘नोंद नाही’ असं लिही, वेळेसकट.

रात्री ८.१५

निघायच्या आधी दहा नवे लॉगर चाचणीच्या कपाटात लावले. रात्रभर कपाट उणे २० ते ६० अंश फिरेल. मग उद्याच्या बैठकीसाठी टिपण लिहिलं. विषय: आमच्या लॉगरचा मासिक अहवाल. सध्या त्यात किमान, कमाल आणि सरासरी छापली जाते. मी आणखी तीन रकाने मागणार आहे: या प्रोबचं कॅलिब्रेशन कधी झालं, तो फ्रिजमध्ये कुठे आणि कशात ठेवलाय, आणि किती वेळाची नोंद नाही.

कुणी म्हणेल, रिकाम्या जागा दाखवल्या तर ग्राहकाला यंत्र कच्चं वाटेल. मला उलट वाटतं. चिपेतला भाग भौतिकशास्त्राने पक्का केला आहे. तिथे बोल्ट्झमनचा स्थिरांक आहे, वजाबाकी आहे, मोजणी आहे. आकडा बहुतेक वेळा बिघडतो तो तिच्या बाहेर: भिंतीला टेकलेल्या प्रोबात, सैल कनेक्टरमध्ये, सलग दिसावी म्हणून जोडलेल्या रेघेत. हे बाहेरचं सगळं माणसांच्या हातात आहे आणि म्हणून ते अहवालात दिसलं पाहिजे. सिस्टरांना एका नजरेत कळलं पाहिजे की हा आकडा कुठून आला आणि कुठे आलाच नाही. जिथे मोजलं नाही तिथे आम्ही काहीही छापणार नाही, कारण त्या कागदावर विसंबून उद्या सकाळी सिस्टर एका बाळाच्या मांडीत सुई टोचणार आहेत.